किळस येते म्हणजे ते पापच असतं का?

सज्ञान बाईने, कुणाची जबरदस्ती नसताना, पैसे घेऊन सेक्स केला तर त्यात नेमकं चूक काय, कुणालाही विचारून बघा. आधी उत्तर येतं "रोग पसरतात". बरं, कंडोम वापरलाय असं धरू. मग "शोषण होतं". तिच्या मर्जीने चाललंय असं धरू. मग जरा शांतता, आणि शेवटी "ते काही नाही, चूक ते चूकच".

मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास अमेरिकन विद्यार्थ्यांना भाऊबहिणीच्या संमतीच्या, कुणालाच त्रास न झालेल्या संबंधाची गोष्ट सांगितली तेव्हा अगदी हेच झालं, कारणं संपली तरी मत काही हललं नाही. हाइट म्हणतो निकाल आधी आतून येतो आणि डोकं नंतर वकिली करतं. पुढे घाण वास सोडून वगैरे प्रयोग झाले, किळस आली की माणूस जास्त कडक न्याय देतो म्हणे, पण मोठ्या प्रमाणावर परत करून बघितल्यावर तो परिणाम जवळपास गायबच झाला. आणि २०१५ मध्ये एडवर्ड रॉयझमनच्या टीमला दिसलं की मुळात बऱ्याच जणांना "कुणालाच त्रास नाही" हे पटलेलंच नसतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण सगळा घोळ त्या "असं धरू"मध्येच आहे. कसंतरी वाटणं तसं बदलतं, १७७६ साली ॲडम स्मिथने लिहून ठेवलंय की पैसे घेऊन ऑपेरात गाणं-नाचणं हासुद्धा लोकांना एक प्रकारचा वेश्याव्यवसायच वाटायचा! धंद्यातली मारहाण, रोग, दलाल मात्र खरे आहेत. पण ते कमीजास्त होतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये कायद्यातल्या फटीमुळे बंद दाराआडचा धंदा गुन्हा नव्हता, ही फट २००३ मध्ये कोर्टात उघड झाली आणि २००९ मध्ये बुजवली. कनिंगहॅम आणि शाह या अर्थतज्ज्ञांच्या हिशोबाने त्या काळात धंदा वाढला, पण पोलिसात नोंदलेले बलात्कार साधारण ३० टक्क्यांनी आणि बायकांमधला गनोरिया (सेक्समधून पसरणारा रोग) साधारण ४० टक्क्यांनी घटला. एकाच राज्याचा डेटा आहे, मान्य, तरी त्रास किती होणार हे कायद्यावरही ठरतं एवढं दिसतंच.

आपल्याकडे वेश्याव्यवसायाबद्दलच्या १९५६ च्या कायद्यात धंदा करणं हाच गुन्हा नाही, कोठा चालवणं, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही या बायकांना सन्मानाने वागवा म्हणून बजावलं. पण कलम ४ बघा, तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा १८ वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आईच्या पैशावर कॉलेजची फी भरणारा तिचा पोरगासुद्धा.