वायुसैनिक (भारतीय वायुसेना)

वायुसैनिक : भारतीय वायुसेनेतील अधिकारीपदाखालच्या हुद्द्यांवरचे सैनिक, रोजच्या बोलण्यात ‘एअरमन’. वायुसेना म्हटली की डोळ्यांपुढे वैमानिक उभा राहतो. पण लढाऊ विमानाचा वैमानिक अधिकारी असतो, आणि बहुसंख्य वायुसैनिकांची नोकरी जमिनीवरच जाते. विमानांची देखभाल, शस्त्रे चढवणे, रडार, दळणवळण, भांडार, वैद्यकीय मदत, पहारा ही त्यांची कामे.

वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची. पहिली स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिती विमाने, सहा अधिकारी आणि १९ ‘हवाई सिपाई’ होते. विमाने दुरुस्त करणाऱ्या या सिपायांपैकी काही जण मागच्या आसनावर मशीनगन घेऊन उड्डाणालाही जात. त्यांच्यातलेच एक हरजिंदर सिंग. अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण साधा सिपाई म्हणून भरती झाला. फेब्रुवारी १९४२मध्ये ब्रह्मदेशात तौंगूच्या तळावर त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी टेहळणीच्या लायसँडर विमानांना बॉम्ब अडकवण्याची सोय केली आणि स्क्वाड्रनने थेट जपान्यांच्या ताब्यातल्या विमानतळावर हल्ला चढवला. हरजिंदर सिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. वायुसैनिकांच्या इतिहासात यापेक्षा मोठी वाटचाल सापडणे कठीण.

फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला, तेव्हा शहरातल्या वायुसैनिकांनीही काम बंद ठेवून त्यांना साथ दिली. नौदलाच्या बंडापुढे हा प्रसंग झाकोळला गेला. त्याची आठवण अधिक ठळकपणे ठेवायला हवी.

प्रत्येक उड्डाणाआधी वायुसैनिक विमान तपासतात. इंजिन, हवाईसांगाडा, विद्युत, उपकरणे, शस्त्रे अशा प्रत्येक ट्रेडचा (कामाच्या शाखेचा) माणूस आपापला भाग पाहून ‘फॉर्म ७००’ या नोंदवहीत सही करतो. त्या सह्या झाल्यावरच वैमानिक विमान ताब्यात घेतो. चाकांच्या आणि शस्त्रांच्या सुरक्षा-पिना काढल्या, की लाल फितीसकट त्या वैमानिकाला दिसतील अशा वर धरतात. काम संपल्यावर हत्यारे मोजतात. एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. मोठ्या दुरुस्त्या बेस रिपेअर डेपोत होतात. नाशिकजवळ ओझरचा ११ क्रमांकाचा डेपो मिग-२९ आणि सुखोई-३० या विमानांसाठी ओळखला जातो.

मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरांवर फ्लाइट इंजिनिअर, फ्लाइट गनर म्हणून वायुसैनिक उडतातही. २००४ साली उभ्या राहिलेल्या ‘गरुड’ कमांडो दलातही तेच मोठ्या संख्येने आहेत. काश्मीरमध्ये बांदिपोरा जिल्ह्यात ऑक्टोबर २०१७मध्ये लढताना धारातीर्थी पडलेले सार्जंट मिलिंद खैरनार हे महाराष्ट्राचे सुपुत्र. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. पुढच्याच महिन्यात त्याच भागात कॉर्पोरल ज्योतिप्रकाश निराला यांनी प्राण दिले आणि ते मरणोत्तर अशोकचक्राचे मानकरी ठरले.

हुद्दे एअरक्राफ्ट्समनपासून मास्टर वॉरंट ऑफिसरपर्यंत चढत जातात. प्राथमिक प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला होते. पूर्वी पहिला करार २० वर्षांचा असे. २०२२पासून ‘अग्निवीरवायू’ म्हणून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. एका विमानावर हात बसायलाच काही वर्षे लागतात. त्यामुळे तांत्रिक ट्रेडमधला अनुभव टिकवणे, हा या योजनेचा सर्वांत नाजूक भाग आहे. याच योजनेतून २०२३ साली सांबऱ्याहून अग्निवीरवायू महिलांची पहिली तुकडी बाहेर पडली.