खानदेशातल्या प्राथमिक शाळांचे विज्ञानाचे वर्ष : पार्श्वभूमी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि वार्षिक नियोजनाची वही निघते. घटक, तासिका, महिना असे रकाने आखले जातात. तिसरी ते पाचवीचे विज्ञान परिसर अभ्यासात मिसळलेले आहे, सहावीपासून सामान्य विज्ञान हा वेगळा विषय होतो. बहुतेक वह्यांत पुस्तकातला पहिला पाठ जूनमध्ये पडतो आणि शेवटचा मार्चमध्ये. हा क्रम कोणी सक्तीने लादलेला नाही. तो हळूहळू रुळला आणि तो बदलण्याचे प्रयत्नही झाले. त्यांतला एक महत्त्वाचा प्रयत्न, खिरोद्याचा, तर आपल्या जळगाव जिल्ह्यातलाच आहे.

1936 च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याची, कल्पना पुढे आली. झाकीर हुसेन समितीने तयार केलेल्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञान होते. त्यात निसर्ग निरीक्षण, वनस्पती, प्राणी, आरोग्य आणि ताऱ्यांची ओळखही होती. शेत, सूत आणि ऋतू यांच्याशी शिकणे जोडावे, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत सूत कातायची टकळी तेवढी राहिली आणि निरीक्षण मागे पडले.

1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. 27 जानेवारी 1967 रोजी बालभारतीची स्थापना झाली. राज्यभर एकसारखे आणि परवडणारे पुस्तक मुलांच्या हाती आले, ही फार मोठी गोष्ट होती. गावात दुसरे पुस्तकच नसलेल्या घरांसाठी तर फारच मोठी. मात्र कोकणातल्या आणि सातपुड्यातल्या शाळेचे पाठ एकाच क्रमाने छापले गेले आणि छापलेला क्रम हाच वर्षाचा क्रम होऊन बसला.

याच काळात खिरोद्याचे काम उभे राहिले. रावेर तालुक्यातले हे गाव राज्याचे शिक्षणमंत्री राहिलेल्या मधुकरराव चौधरींचे. मुंबईत 1974 साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्या ग्रामीण प्रकल्पासाठी खिरोदा परिसरातल्या प्राथमिक शाळा निवडल्या. केंद्राचे नेतृत्व तेव्हा वि. गो. कुलकर्णींकडे होते. महागडी प्रयोगशाळा नसलेल्या, साध्या खेडेगावातल्या शाळेत विज्ञान कसे सुधारेल, हा प्रश्न घेऊन ही मंडळी तिथल्या शिक्षकांबरोबर बसली. हाताशी असलेल्या वस्तूंतून प्रयोग आणि मुलांच्या प्रश्नांना वर्गात जागा, यावर भर होता. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांना अडवते, हा मुद्दा केंद्राच्या पुढच्या संशोधनात ठळकपणे आला. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम 1972 पासूनच चालू होता, पण खिरोदा आपले आहे आणि आपल्याच शिक्षण परिषदांत त्याचे नाव क्वचितच ऐकू येते. याची मला मनापासून खंत वाटते.

नव्वदीच्या दशकात किमान अध्ययन क्षमता, म्हणजे प्रत्येक इयत्तेत मुलाला यायलाच हव्यात अशा गोष्टी, आल्या आणि नियोजन क्षमतांच्या यादीवर बेतले जाऊ लागले. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास ठरवून दिले. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रयोग, प्रकल्प आणि दैनंदिन निरीक्षण यांनाही आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात गुण मिळू लागले. 2017 च्या अध्ययन निष्पत्तींनी मुलाला काय यायला हवे ते सांगितले. कोणत्या महिन्यात, ते शाळेवर सोडले. 2023-24 मध्ये वहीची कोरी पाने घालून पुस्तके चार भागांत आली, तेव्हा क्रम पुन्हा पुस्तकाकडे झुकला.

खानदेशचे वर्ष निराळे आहे. पाण्याचे पाठ पावसाळ्यातच घ्यावेत, आणि धुळे जिल्ह्यात ते घेताना पांझरा नदीवरची फड ही सिंचनाची पद्धत दाखवावी: बंधारा, पाट आणि पाळीपाळीने पाणी. शून्य सावलीचे, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे, दिवस इथे दोन येतात. मेच्या उत्तरार्धातला सुट्टीत जातो आणि जुलैतला बहुधा ढगांत. त्यामुळे सावलीचा पाठ डिसेंबरात ठेवणे बरे. 22 डिसेंबरच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास जळगावात उभ्या काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. मुले स्वतः मोजू शकतात. हातनूर धरणाच्या पाणवठ्यावर स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात, म्हणून सजीवांचे घटकही तेव्हाच. उष्णतेचे पाठ मार्चमध्ये, सकाळची शाळा भरू लागते त्या सुमारास. माठातल्या पाण्याचा गारवा तेव्हा मुलांच्या रोजच्या अनुभवात असतो.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र दिवाळीनंतरचा आहे. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात, मुलेही सोबत जातात. म्हणून पाणी, अन्न, आरोग्य हे घटक तिथे पहिल्या सत्रातच पूर्ण व्हायला हवेत. जाणाऱ्या मुलांना निरीक्षणाची एक छोटी वही द्यावी: रोजचे हवामान, उसाच्या फडात दिसणारे किडे-पक्षी, पिण्याचे पाणी कुठून येते. ती परत आली की आकारिक नोंदीत धरावी, प्रकल्प म्हणून.