‘नेचर’मधला हरवलेला ग

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक संदेश फिरत होता. इंग्रजीतला ‘जीन’ (जनुक) आपल्या ‘जन’वरून उचलला आहे, दोन्हीकडे ज आहे, आणखी काय पुरावा हवा? खाली नमस्कारांची रांग. यातलं नातं खरं आहे. पुरावा मात्र साफ खोटा आहे, आणि तो खोटा का, हे कळायला ‘नेचर’ हा शब्द उघडून बघावा लागतो.

‘नेचर’ मूळचा लॅटिन, ‘नातूरा’. त्याचा पहिला अर्थ जन्म. मग जन्मजात गुण आणि शेवटी सगळी सृष्टी. ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. ‘नेटिव्ह’, ‘नेशन’, ‘नाईव्ह’ ही सगळी याच घरातली मंडळी. पण जुन्या लॅटिनमध्ये हा शब्द ‘ग्नातुस’ असा होता. मग ग कुठे गेला?

‘ग्न’ सावकाश म्हणून बघा. ग म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टेकतो आणि हवा अडते. एरवी ती तोंडातून सुटते आणि त्या सुटण्यातूनच आपल्याला ग कळतो. इथे मात्र ग सुटायच्या आत जिभेचं टोक न साठी दातांमागे जाऊन बसलेलं असतं. हवा नाकातून निघते आणि ग चा आवाज जवळजवळ दबून जातो. आधी स्वर असला तर तो स्वर संपतानाच ग ची चाहूल देतो, म्हणून ‘कॉग्नेट’ आणि ‘प्रेग्नंट’ या भावंडांमध्ये ग शाबूत राहिला. शब्दाच्या सुरुवातीला तोही आधार नाही. काही पिढ्यांत ग गळाला.

इंग्रजीत ‘नी’ (गुडघा) आणि ‘नो’ (जाणणे) लिहिताना आपण सुरुवातीला मुका के लिहितो. तो एकेकाळी उच्चारला जायचा, ‘क्नी’, ‘क्नो’. त्याचीही गत तीच झाली. आपला ज्ञ घ्या. मूळ ज् आणि ञ, पण मराठी माणूस ‘द्न्य’ म्हणतो आणि हिंदीवाला ‘ग्य’. अवघड जोडाक्षरातून प्रत्येकाने आपापली वाट काढली आहे.

आता हे शब्द शेजारी ठेवा. संस्कृत ‘जानु’ (आजानुबाहूमधला), लॅटिन ‘गेनु’, इंग्रजी ‘क्नी’. संस्कृत ‘ज्ञा’, लॅटिन ‘ग्नोस्को’, इंग्रजी ‘क्नो’. संस्कृत ‘जन’, लॅटिन ‘गेनुस’ (कूळ), इंग्रजी ‘किन’ (नातलग). ‘ग्नातुस’ही याच जन्माच्या धातूतला. संस्कृतात ज, लॅटिनमध्ये ग, अस्सल इंग्रजीत क, दरवेळी त्याच क्रमाने. डेन्मार्कचा भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क याने 1818 मध्ये अशा जोड्या मांडल्या आणि 1822 मध्ये याकोब ग्रिमने त्यांचा नियम बांधला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम भावांपैकी हा थोरला. नात्याचा पुरावा असतो तो या शिस्तबद्ध फरकात. नुसतं सारखं ऐकू येणं योगायोगानेही होतं.

‘जीन’चंच बघा. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सनने 1909 मध्ये जन्माच्याच ग्रीक धातूवरून हा शब्द घडवला, तो जर्मनमध्ये, आणि त्याचा उच्चार ‘गेन’. इंग्रजीत e या अक्षराच्या आधीचा ग अनेकदा ज होतो, ही फ्रेंचकडून आलेली सवय. संस्कृतातला ज त्याच्या कितीतरी शतकं आधी, वेगळ्या वाटेने झालेला. म्हणजे संदेशात ज्या ज वर एवढा भर होता, तोच तेवढा योगायोग. जन्माच्या धातूचं इंग्रजीतलं घरचं रूप ‘किन’ आणि ‘काइंड’ (प्रकार) यांमध्ये आहे. फ्रेंचमार्गे ‘नेचर’ येण्याआधी इंग्रज माणूस निसर्गाला ‘काइंड’च्या जुन्या रूपानेच ओळखत होता.

संस्कृत ही सगळ्या भाषांची आई, असं ठासून सांगणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यात संस्कृतचं खरं मोल झाकलं जातं. 1786 मध्ये कलकत्त्यात तिथला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या कदाचित आज हयात नसलेल्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं मांडलं, ते संस्कृत वाचल्यावर. या बहिणींमध्ये तिने मूळचं पुष्कळ काही जपून ठेवलं, म्हणून तर बाकीच्यांचं नातं जुळवता आलं.

निसर्गासाठी ग्रीकांचा शब्द वेगळा होता, ‘फ्यूसिस’, म्हणजे उगवणं, वाढणं. ‘फिजिक्स’ आणि ‘फिजिशियन’ त्यातूनच आले. इथे दुसरी साखळी लागते, संस्कृत भ, ग्रीक फ, इंग्रजी ब. ‘भ्रातृ’, ‘फ्रातेर’, ‘ब्रदर’. त्याच हिशेबाने ‘भू’, ‘फ्यूसिस’ आणि इंग्रजीतलं असणं सांगणारं ‘बी’. ‘भू’पासून आपल्याकडे भूमी झाली, भूतकाळ झाला, भाव झाला. स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो. त्या स्वभावातला धातू आणि औषध लिहून देणाऱ्या फिजिशियनच्या नावातला धातू एकच आहे.