मणक्यातला स्क्रू: डोकं फिरणारं बरं की न फिरणारं?

उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातात पाठीचा कणा सगळ्यात जास्त मोडतो तो छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका असतो त्या भागात. वर बरगड्यांमुळे ताठ, खाली कंबर लवचिक, मग झटका नेमका मधे बसतो. मणका पुढच्या बाजूने चेपतो, पाठीला बाक येतो आणि कधीकधी हाडाचा तुकडा मागे नसांच्या दिशेने सरकतो.

ऑपरेशनमध्ये वरच्या आणि खालच्या धड मणक्यांत पेडिकलमधून, म्हणजे मणक्याचा मागचा भाग पुढच्या भागाला जोडणाऱ्या अरुंद हाडातून, स्क्रू घालतात आणि ते रॉडने जोडतात. रॉड बसवताना स्क्रूंमधलं अंतर वाढवून बाक सरळ केला की चेपलेला मणका वर उचलला जातो, आणि मणके एकमेकांना बांधणारी लिगामेंट ताणली जाऊन तो सरकलेला तुकडाही बऱ्याचदा थोडा पुढे जातो.

आता खरा फरक स्क्रूच्या डोक्यात आहे. मोनोअ‍ॅक्सियल म्हणजे डोकं आणि दांडा एकसंध, काहीच हलत नाही, त्यामुळे सर्जनने लावलेला जोर थेट मणक्यापर्यंत पोचतो. पॉलीअ‍ॅक्सियलचं डोकं गोल सांध्यावर सगळीकडे फिरतं, त्यामुळे स्क्रू थोडे मागेपुढे लागले तरी रॉड सहज बसतो, काम पटकन होतं, छोट्या छेदातून करायचं असेल तर फारच सोयीचं. पण वरचा नट कितीही आवळला तरी तो सांधा घर्षणावरच धरलेला असतो, जास्त भार आला की तिथेच घसरतो आणि मिळवलेली उंची थोडी थोडी परत जाऊ शकते. म्हणून युनिप्लॅनर स्क्रू निघाले, डोकं फक्त डावीउजवीकडे हलतं, पुढेमागे पक्कं, आणि बाक तर पुढेच येतो! मला ही कल्पना फार आवडते.

पण एक्सरेत बाकामध्ये काही अंशांचा फरक दिसला म्हणजे पेशंटच्या दुखण्यातही तेवढाच दिसेल असं नाही. शिवाय मोडलेल्याच मणक्यात जादा स्क्रू घातला तरी पकड बरीच वाढते, अर्थात त्याचं पेडिकल शाबूत असेल तर.

आणि हाडं ठिसूळ असतील तर डोक्याचा प्रकार दुय्यम, तिथे स्क्रूच सैल होतो. मग पोकळ, भोकं असलेला स्क्रू घालून त्यातून हाडाचं सिमेंट सोडतात, मात्र ते हळूहळू आणि एक्सरेवर बघत बघत, कारण शिरेत गेलं तर फुप्फुसापर्यंत पोचू शकतं.