जुनी टोपोशीट आणताय? समास कापू नका

स्कॅन किंवा फ्रेमसाठी येणाऱ्या जुन्या टोपोशीटांपैकी (म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या, जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशांपैकी) आमचा सर्वात जास्त वेळ खातात त्या कडा कापलेल्या. फ्रेममध्ये नीटस दिसावी म्हणून घरीच कात्री चालते आणि शीट क्रमांक, कोपऱ्यांतले अक्षांश-रेखांश, सर्वेक्षणाचं वर्ष, उंची फुटांत की मीटरमध्ये, सगळं केरात जातं.

शहराजवळची शीट असेल तर गावांच्या नावांवरून ठिकाण लागतं. माळरानाचं तसं नाही. साताऱ्यातल्या माण-खटावकडच्या एक इंची (एक इंचाला एक मैल) शीटवर मैलोन्‌मैल तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), मध्येच एखादी विहीर, एखादं देऊळ. वाडीचं नाव वाचता आलं, तरी त्याच नावाची वाडी शेजारच्या तालुक्यातही असते. समासात ‘47 के/10’ एवढा शीट क्रमांक जरी शाबूत असला, तरी दहिवडीचा परिसर हे लगेच कळतं. ते नसेल तर ओढ्यांची वळणं जुळवत बसावं लागतं, म्हणून अशा कामाचे पैसे वेगळे. समास दिसायला नको असेल तर आम्ही तो माउंट बोर्डाखाली (फ्रेमच्या आतल्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकून देतो. त्याचे जादा पैसे नाहीत.

“एवढा भाग कोरा कसा? रंग उडालाय का?” हेही नेहमी विचारतात. उडालेला नाही. रंगीत शीटवर लागवडीची जमीन पिवळी, जंगल हिरवं आणि पडीक माळ पांढराच ठेवतात. बारीक काळी रेघ दिसते ती बहुतेकदा कोरडा ओढा असते. निळा रंग पाणी असेल तिथेच. म्हणूनच स्कॅन ‘उठावदार’ करून द्या म्हटलं तरी आम्ही रंग भडक करत नाही. तसं केलं की तपकिरी रेषा काळपट होतात आणि चढ कुठला, ओढा कुठला हे कळेनासं होतं.

फाईल घरी छापणार असाल तर ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर एक इंचाला एक मैल (1:63,360) हे प्रमाण राहत नाही.

गटाची हद्द मात्र या नकाशात मिळणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाचेच नकाशे पाहावे लागतात, आणि हे आम्ही ऑर्डर घेण्याआधीच सांगतो.

घड्या पडलेली, वाळवीने खाल्लेली शीटही आम्ही घेतो. तिला सेलोटेप लावू नका, इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन तर नकोच. आहे तशी सैल गुंडाळी करून आणा.