डोगोनांच्या कोठारांची कोरीव दारे : पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतील माली देशात सुमारे १५० किलोमीटर लांबीच्या बांदियागारा कड्याच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी डोगोन लोकांची गावे वसली आहेत. पाऊस वर्षातून मोजकेच महिने पडणाऱ्या या प्रदेशात बाजरी हे मुख्य अन्न आहे. डोगोन कलेची ओळख बनलेली कोरीव दारे बहुतांशी या धान्याच्या कोठारांचीच आहेत आणि त्यांचा अर्थ तेथूनच समजून घ्यायला हवा.

मातीच्या भिंती आणि शंकूच्या आकाराचे गवती छप्पर असलेल्या या कोठारांना जमिनीपासून बऱ्याच उंचीवर लहानशी झडप असते; हेच ते कोरीव दार. दोन-तीन फळ्या लोखंडी पट्ट्यांनी जोडून केलेली ही झडप बिजागरीऐवजी लाकडातच कोरलेल्या खुंट्यांवर फिरते. कोरीवकाम परंपरेने लोहारांकडे असते. पुरुषाच्या कोठारात घराची बाजरी राहते. स्त्रीच्या कोठारात आतून कप्पे असतात आणि त्यांत ती स्वतःच्या मालकीचे जिन्नस ठेवते.

झडपेवर ओळीने उभ्या असलेल्या मानवाकृती सामान्यतः पूर्वजांच्या मानल्या जातात, तर उंचावलेले हात ही पावसासाठीची प्रार्थना समजली जाते. त्यांच्यासोबत सुसर, सरडा, कासव आणि स्त्रीचे स्तनही दिसतात. लाकडी कुलपावर अनेकदा जोडप्याची आकृती असते. धान्य ज्यांच्या वंशासाठी साठवले, त्या वंशाचे मूळच त्याच्या राखणीला उभे केलेले असते.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांनी १९४६ मध्ये ओगोतेमेली या अंध वृद्धाशी झालेल्या संवादांतून, कोठार म्हणजे आठ पूर्वज आणि आठ धान्ये सामावणारी विश्वाची प्रतिकृती, असा अर्थ मांडला. १९९१ मध्ये डच मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर व्हान बेक यांनी, असे विश्वचित्र आपल्याला गावकऱ्यांमध्ये आढळले नाही, असे नोंदवून त्याला आव्हान दिले. त्यामुळे प्रत्येक रेषेत गूढ तत्त्वज्ञान शोधणे धोक्याचे आहे. पीक, पाऊस आणि संतती यांची काळजी मात्र कोरीवकामात उघड दिसते, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकात संग्राहकांची मागणी वाढली, तशी जुनी दारे विकली गेली, त्यांच्या जागी साध्या फळ्या आल्या आणि पर्यटकांसाठी नवी दारे कोरली जाऊ लागली. १९८९ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. २०१२ नंतरच्या मालीतील सशस्त्र संघर्षात मात्र तेथील अनेक गावांत घरांबरोबर कोठारेही जाळली गेली. परदेशी संग्रहालयांत पोहोचलेल्या कित्येक दारांच्या नोंदीत ‘डोगोन, माली’ एवढेच असते. गाव आणि घराणे त्यात नसते.