जेड घेण्याआधी हे वाचा

जेड या एकाच नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात, जेडाइट आणि नेफ्राइट. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये त्यांतला फरक दाखवून दिला. उत्तम जेडाइट कितीतरी महाग असतो, त्यामुळे बिलावर नुसतं ‘जेड’ चालवून घेऊ नका. आमच्याकडूनही नाही.

कठीणपणात (१ ते १० च्या मोह्स मापावर) नेफ्राइट ६ ते ६.५ आणि जेडाइट ६.५ ते ७, म्हणजे पाचूपेक्षा दोन्ही मऊच. पण पाचू धक्क्याने तडकतो, जेड सहसा तडकत नाही. आतले बारीक तंतू आणि कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. म्हणून तर अख्ख्या दगडातून बांगडी कोरून काढता येते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात मुघल काळातले जेडच्या मुठीचे खंजीर आहेत, जमल्यास बघून या.

जेडाइट प्रामुख्याने म्यानमारच्या काचीन भागातून येतो. रंग गडद, सगळीकडे सारखा आणि उजेड आत शिरू देणारा हिरवा असेल तर भाव चढतो. २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २७ मण्यांची एक माळ सुमारे २.७४ कोटी डॉलरला गेली. अर्थात असा माल आमच्या काउंटरवर येत नाही!

खरी गोम आहे ती प्रक्रियेत. ‘ए’ प्रकारात फक्त मेणाची झिलई असते. ‘बी’मध्ये आम्लाने डाग काढून पोकळ्यांत पॉलिमर भरतात. नवा असताना तो ‘ए’लाही मागे टाकील असा दिसतो, पण काही वर्षांनी पिवळट पडू शकतो. ‘सी’ म्हणजे रंगवलेला. भिंगाखाली कणांमधल्या फटींत साचलेला रंग बऱ्याचदा दिसतो. ‘बी’ मात्र नुसत्या भिंगाने आम्हीही खात्रीने सांगणार नाही, त्याला प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणी लागते. मोठी खरेदी असेल तर तो खर्च जरूर करा.

‘इंडियन जेड’ म्हणून मिळतो तो अ‍ॅव्हेंच्युरीन. त्यात हिरव्या अभ्रकाच्या चकत्या चमचमतात. ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन. दोन्ही दिसायला छान, फक्त जेडच्या भावाने घेऊ नका.

बुधासाठी पाचूऐवजी जेड चालेल का, हे ज्योतिषांना विचारा. खडा कोणता आहे एवढंच आम्ही सांगू.

धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. अंगठी दुरुस्तीला दिलीत तर ज्योत लावण्याआधी खडा काढून घ्यायला सांगा.